हद्दीवरची पट्टी आणि ओव्हाळ सर

मधुकर ओव्हाळ सरांची आणि माझी पहिली भेट धुरात झाली. लोणावळ्यापुढच्या घाटमाथ्यावर वणवा लागला होता आणि मी वर्तमानपत्रासाठी बातमी घ्यायला गेलो होतो. प्रतिक्रिया विचारताच सरांनी माझ्या हातात एक ओला डहाळा दिला. "आधी झोडपा. लिहायचं नंतर."

आग पसरली ती आमच्याच चुकीने. वणवा अडवण्यासाठी माथ्यावर मावळच्या बाजूने सरांच्या निसर्गसंस्थेने, जिच्यात पुढे मीही आलो, गवत काढले होते, रायगडच्या बाजूने घाटाखालच्या संस्थेने. दोघेही आपापल्या हद्दीपाशी थांबले. मधली पट्टी दुसऱ्याची, असे दोघांनीही धरले. तिथूनच आग शिरली आणि शेकरूंचे रान गेले.

दोष कुणाचा, ही चर्चा सरांनी होऊच दिली नाही. दोन्ही संस्थांना त्या काळ्या पट्टीवरच बोलावून त्यांनी शिरस्ता घालून दिला: आधी मधली पट्टी, तीही दोघांनी मिळून, मग आपापली बाजू.

गावातल्या कोंडामावशी कुरकुरल्या, "त्यांचं गवात आमी का कापायचं? आमाला दुसरा धंदा न्हाई व्हय?"

"राहू द्या, मावशी," सर म्हणाले. "आग आली की तुमीच तिला सांगा, बाई, तू रायगडची, हितं कुटं आलीस?"

"लय बोलता, मास्तर!" म्हणत मावशींनी विळा उचलला.

माझी आई तळेगावला रुग्णालयात होती, तेव्हा सर कान्ह्याहून रोज डबा घेऊन येत. जंगलाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

आज सर पंच्याहत्तरीत आहेत आणि आम्ही काळजीत. खालच्या संस्थेत नवी मंडळी आली आहेत, पट्टी मिळून काढण्याच्या कराराची मुदत संपली आहे, निरोपाला उत्तर नाही. गवत वाळले आहे, माथ्यावर तंबू टाकून चुली पेटवणारे पर्यटक वाढले आहेत. एकट्याने पट्टी काढायची तर आमची बाजू अपुरी राहील एवढीच माणसे आमच्याकडे आहेत. सरांचा सकाळी फोन येतो, "खालून काही कळलं?" मी नाही म्हणतो. "मग पट्टीच आधी," एवढे बोलून ते फोन ठेवतात. गुडघे दुखतात, हे आम्हाला त्यांच्या पत्नीकडून कळते.

सभागृहातला सत्कार सरांनी नाकारला आहे. ज्यांना यायचे त्यांनी वाढदिवसाच्या सकाळी विळा घेऊन पट्टीवर यावे, असे त्यांचे सांगणे आहे. तेच आमंत्रण खालीही धाडले आहे.

सरांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. आणि त्या सकाळी घाटाच्या पायवाटेने कुणीतरी वर चढताना त्यांना दिसो.