इथं जन्मलेल्यांचा बाजार

परभणीत माझी केळ्यांची हातगाडी टिकली ती बांगड्या भरणाऱ्या मावशीमुळे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत मी सातवीतून शाळा सोडून कोकणातून आलो होतो. नगरपालिकेचे नियम नव्यानं करायचे म्हणून बाजारात सभा भरली. एक वकील म्हणाले, "गाड्याला जागा इथं जन्मलेल्यालाच द्या." मी गाडीवरची केळी आवरायला लागलो.

मावशी एका बाईची बोटं दाबत बांगडी चढवत होती. मान वर न करता म्हणाली, "वकीलसाब, मी ताडकळसची हाय. तुमच्या बाईसाहेब पाथरीच्या, त्यांचा चुडा मीच भरलाय. आमी दोघींनी आता कुठं जावं?"

सभा खदखदून हसली. वकीलही लाजून हसले आणि त्यांनी ती अट मागं घेतली.

मावशीनं समुद्र कधी पाहिला नाही. एक दिवस तिला आमच्या गावी नेऊन तो दाखवणारच.