औटकीत गाळलेला सात

चोऱ्यामाऱ्यांची कितीतरी प्रकरणे हाताखालून गेली. त्यातली बरीचशी आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. पण एका सुईणबाईच्या परवान्याची चौकशी मात्र कालच आटोपल्यासारखी आठवते. तिच्यात ना रक्त होते ना मुद्देमाल, त्यामुळे ठाण्यातल्या कोणाला तिचे अप्रूप नव्हते.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी दोंडाईचाला फौजदार होतो. सकाळची हजेरी घेऊन टपाल फोडले, तर वरून आलेला एक कागद निघाला. गावातल्या एका बाईने सुईणपणाचे रीतसर शिक्षण घेतले होते, पण शैक्षणिक पात्रता सिद्ध होत नाही म्हणून तिला परवाना नाकारला होता. परवान्याला सातवीची फायनल पास लागे, आणि तिने जोडलेला दाखला वेगळ्याच नावाचा होता. बाईने अपील केले होते. दाखला माझाच आहे, लग्नात सासरच्यांनी नाव बदलले, एवढेच तिचे म्हणणे. खरेखोटे पाहून अहवाल पाठवा, असा मला हुकूम होता.

सोबत एक निनावी अर्ज टाचलेला होता. दाखला दुसऱ्याच मुलीचा आहे, बाई तो ट्रंकेत तळाशी, लुगड्यांखाली दडवून ठेवते, असे त्यात लिहिले होते. हे खरे निघाले असते तर परवाना गेलाच होता, वर फसवणुकीचा गुन्हा दाखल करावा लागला असता.

बाई तिशीतली. नवरा जिनिंगमध्ये कामाला, एक लहान मुलगी, घरात म्हातारी सासू. शाळेतले तिचे नाव एका नदीचे होते, सासरचे एका देवीचे. मी विचारले, माहेरचे कोणी साक्षीला येईल का? ती म्हणाली, आई लहानपणीच गेली, वडील रेल्वेत गँगमन होते, तेही गेले. जामनेरकडच्या ज्या गावात ती शिकली तिथे मी जमादाराला धाडले. शाळेचे जुने दप्तर वाळवीने खाल्ले होते. गँगमनची पोर कोणाच्या लक्षात राहणार? फक्त तिचे गुरुजी हयात होते, जामनेरला मुलाकडे राहत होते, आणि त्यांना आता दिसत नव्हते.

जामनेरला जाण्याआधी मला निनावी अर्जाचा छडा लावायचा होता. ट्रंकेच्या तळाशी काय असते हे बाहेरच्या माणसाला कसे कळणार? बाई बाहेर गेल्याचे पाहून मी घरी गेलो आणि सासूने दिलेला चहा सावकाश प्यायलो. चौकशीत आवाज चढवण्यापेक्षा गप्प बसणे जास्त कामाला येते, हा माझा अनुभव. मी नुसता कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे पाहत राहिलो. म्हातारीने पदर तोंडाला लावला.

"साहेब, परवाना उना का ती शहरमा निंघी जाई," ती म्हणाली. "पोऱ्या बी तिना मांगे जाई. मंग मन्हं आठे कोन शे?"

बाजारातल्या कोणाकडून तरी तिने तो अर्ज लिहवून घेतला होता. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. आपल्या माणसांनी आपल्याला मागे सोडून जाऊ नये म्हणून माणसे काय काय करून बसतात, ते मी ठाण्यात रोजच पाहत होतो. मी तिला एवढेच म्हणालो, "अक्का, उद्या सुनेसोबत जामनेरला यायचं. बाईमाणूस सोबत हवं."

डोळे नसलेल्या साक्षीदाराकडून ओळख परेड कशी घ्यायची, हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. दोघी सासवा-सुनांना मी गल्लीच्या तोंडाशी थांबवले आणि आधी पंचांसमोर गुरुजींचा जबाब घेतला. गँगमनची मुलगी म्हणताच ते हसले. म्हणाले, पोरगी हुशार, पण औटकीत कायमची अडकलेली. साडेतीनचा हा पाढा म्हणताना सहा झाले की ती सात गाळून थेट आठवर उडी मारी. ओरडून पाहिले, उभे करून पाहिले, पण सात काही तिच्या तोंडी आला नाही.

मग शेजारच्या दोन शिकलेल्या बाया बोलावल्या, त्यांच्यात हिला बसवले आणि तिघींना एकामागून एक औटकी म्हणायला लावली. पहिली चारवरच थांबली आणि पदराआड हसू लागली. दुसरी धडपडत का होईना, दहापर्यंत पोहोचली. मग हिची पाळी आली. खाली मान घालून, शाळेतल्या सुरात ती म्हणू लागली. "पाच औट साडेसतरा, सहा औट एकवीस, आठ औट अठ्ठावीस..."

गुरुजींची काठी जमिनीवर आपटली. त्यांनी तिला त्या नदीच्या नावाने हाक मारली. "सात अजून वाटेतच आहे का गं?"

ती जागची उठली आणि गुरुजींच्या पायांवर डोके ठेवून हुंदके देऊ लागली. वडील गेल्यापासून त्या नावाने तिला कोणीच हाक मारली नव्हती. एका पंचाने डोळे पुसले. माझेही भरून आले होते, पण मला पंचनामा लिहायचा होता.

सासू उंबऱ्यापाशी उभी होती. ती पुढे आली, सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"कितलं चांगलं नाव शे तुनं," ती म्हणाली. "उगाच बदलं."

अहवालात मी ओळख पटल्याचे लिहिले. निनावी अर्ज कोणाचा, हे मला कोणी विचारले नव्हते, म्हणून मीही सांगितले नाही. अपील मंजूर झाले. परवान्यावर दोन्ही नावे होती, मध्ये 'ऊर्फ' घालून. बाई कुठल्याही शहरात गेली नाही. त्याच घराच्या दारावर तिची पाटी लागली आणि ती पुसायचे काम सासूने स्वतःकडे घेतले.

आमच्या कागदांत 'ऊर्फ' हा शब्द चोर-दरोडेखोरांच्या नावापुढे यायचा. दोन नावांचा माणूस म्हणजे काहीतरी लपवणारा, असे आम्ही धरून चालायचो. पण आपल्याकडे लग्न झालेल्या कितीतरी बायका दोन नावांच्या, आणि त्यांतले पहिले नाव त्यांनी स्वतः लपवलेले नसते. हे त्या प्रकरणाने मला शिकवले.

परवाना आल्याचे कळले त्या संध्याकाळी घरी आलो. पत्नी पोळ्या लाटत होती. दारातूनच मी तिला माहेरच्या नावाने हाक मारली. ती लाटत राहिली. मी पुन्हा मारली, तेव्हा लाटणे थांबले.

माझ्याकडे न पाहताच ती म्हणाली, "अजून एकदा म्हणा."