पिकहाच्या स्कूटरचं पेट्रोल

पुताय बंदरात देवळासमोर रोज सकाळी चहाला जमणाऱ्या म्हाताऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज ओंग खिमसान यांचा. जन्मभर मच्छीमार संघाच्या कचेरीत शिक्के मारले, पण बोलणं असं की समुद्रातली मासळी यांना विचारूनच पोहते. मोठा आकडा तो चांगला, हा त्यांचा सरळ हिशोब. काओल्यांग दारू प्यायची तर अठ्ठावन्न अंशांची. अडतीसवाली म्हणजे त्यांच्या मते खोकल्याचं औषध. टीव्ही आणला तो एवढा मोठा की बघायला मागे स्वयंपाकघरात जाऊन बसावं लागे. मग पेट्रोलचं काय विचारता! पंपावर ऑक्टेनच्या आकड्याप्रमाणे तीन तऱ्हेचं मिळतं, ब्याण्णव, पंच्याण्णव आणि अठ्ठ्याण्णव. सगळं गाव स्कूटरमध्ये ब्याण्णव भरतं, ज्यांना थोडी ऐट करायची असते ते पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव शहरातून येणाऱ्या मोटारवाल्यांचं.

"आमच्या हिच्या गाडीला अठ्ठ्याण्णवशिवाय चालत नाही," खिमसान चहाचा घोट घेत सांगायचे. "बायकोच्या बाबतीत आपण हात आखडता घेत नाही."

बाकीचे म्हातारे माना डोलवायचे. कोणी तरी हळूच खोकायचं, आणि खिमसानना वाटायचं, जळतात लेकाचे.

त्यांची बायको पिकहा किनाऱ्यावरच्या शेडमध्ये कालवं सोलायची. बुटक्या स्टुलावर दिवसभर बसायचं, शिंपल्यात सुरी घालायची, पिळायची, कालव बादलीत टाकायचं, पुढचा शिंपला घ्यायचा. घरातून शेडला, शेडवरून बाजाराला आणि बाजारातून घरी जायला तिची लाल स्कूटर होती. ती किल्ली फिरवायची, तेवढ्यात खिमसान दारातून ओरडायचे, "अठ्ठ्याण्णवच भर हं!" गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. पिकहा "हो हो" म्हणायची आणि जायची. खिमसाननी बायकोसाठी आणखी काय केलं, असं कोणी विचारलं असतं तर त्यांना उत्तराला बराच वेळ लागला असता. पण हे एक होतं, आणि ते त्यांना पुरत होतं.

स्टुलावर बसून बसून पिकहाचे गुडघे गेले. एकाचं ऑपरेशन झालं आणि ती च्यायी शहरात लेकीकडे जाऊन राहिली. स्कूटर पागोळीखाली उभी राहिली, तिच्यावर धूळ आणि खारी हवा. छिंगमिंगला, पितरांच्या थडग्यांची साफसफाई असते त्या सणाला, पिकहा परत येणार असं ठरलं तेव्हा फोनवर ती एवढंच म्हणाली, "घरात काय मोडलं असेल ते मोडू दे. माझी गाडी तेवढी सुरू व्हायला हवी. गाडी नसली तर मी घरात अडकून पडेन, आणि मग तुमचं काही खरं नाही."

"अगं, माझ्यावर सोड!" खिमसान म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी किक मारली. गाडी खोकली, थरथरली, बंद पडली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. खिमसाननी विचार केला आणि त्यांना एकच गोष्ट सुचली. टाकीतल्या पेट्रोलची ताकद उतरली असणार.

त्यांनी गाडी ढकलत पंपावर नेली. आजवर ते या गाडीवर मागेसुद्धा बसले नव्हते, पेट्रोल भरायला येणं तर दूरच. पुढे-मागे ओळखीची माणसं होती, म्हणून त्यांनी आवाज आणखी चढवला. "अठ्ठ्याण्णव! फुल्ल!"

पंपावरची बान, वर्षानुवर्षं तिथेच काम करणारी जाडजूड बाई, नळी हातात धरून उभीच राहिली. "काका, हिच्यात? अठ्ठ्याण्णव?"

"मग काय! जन्मल्यापासून हिनं दुसरं प्यायलंय का?"

बानने सीट उचलली, आत टाकीच्या तोंडाशी एक पंजा पसरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने पेट्रोल सोडलं. मागचा मासळीवाला एकाएकी आभाळ बघायला लागला. बानने नेहमीप्रमाणे कागदी रुमालांचं फुकट पाकीट दिलं, आणि का कुणास ठाऊक, आणखी एक दिलं.

गाडी तरीही खोकतच राहिली.

चहावर सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी म्हणालं, मधलं घाल, पंच्याण्णव. कोणी म्हणालं, दोन्ही मिसळ. खिमसानना तर वेगळीच शंका, की अठ्ठ्याण्णवच्या वर काही निघालंय आणि ते आपल्या गावाला पाठवतच नाहीत. शेवटी ते गल्लीतल्या भूमिदेवाकडे गेले. उदबत्ती लावली, नाव-पत्ता सांगितला आणि चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे हातात घेतले. टाकल्यावर एक उताणा, एक पालथा पडला तर देवाचा होकार. दोन्ही पालथे पडले तर नकार. दोन्ही उताणे पडले तर देव हसला म्हणायचं.

"देवा, अठ्ठ्याण्णवच ठेवू?"

देव हसला.

"पंच्याण्णव घालू?"

देव पुन्हा हसला.

"याच्या वरचं काही आहे का?"

ठोकळे टणटण उडाले आणि पुन्हा दोन्ही उताणे पडले. झाडणारा पुजारी खराटा टेकून बघत होता. "ओंगभाऊ, देवाला उत्तर माहीत असावं," तो म्हणाला. "पण सांगायला संकोच वाटतोय."

मग नाइलाज झाला आणि ते तोथाउच्या गॅरेजमध्ये गेले. तोथाउ म्हणजे थोरल्या डोक्याचा. ब्रेकच्या बाबतीत त्याच्यावर कोणी भरवसा ठेवत नसे, पण गॅरेज तेवढं एकच होतं. तो सुपारी चघळत वाकला, कार्ब्युरेटर उघडला, वास घेतला.

"उभी राहून राहून नासलीय, काका. जुनं पेट्रोल चिकटून बसलंय आत. नंबराचा काही दोष नाही." त्याने टाकी रिकामी करायला घेतली. "साफ करतो, नेहमीसारखं ब्याण्णव टाकतो, की पळेल."

"नेहमीसारखं?"

तोथाउचं चघळणं थांबलं. आपण काय बोलून बसलो हे त्याला कळलं, पण तोपर्यंत फार उशीर झाला होता. खिमसाननी स्वतः सीट उचलली. टाकीच्या तोंडाशी, जिथे बानने पंजा ठेवला होता तिथे, कंपनीने चिकटवलेला कागद होता, उन्हाने फिकुटलेला: ब्याण्णव भरा.

"काकू कायम हेच भरते," तोथाउ पुटपुटला. "माझ्यावर नका हो चिडू. अख्ख्या गावाला माहीत आहे."

अख्ख्या गावाला! खिमसान घरी आले आणि त्या प्रचंड टीव्हीसमोर तो न लावताच बसून राहिले. एकेक तोंड आठवायला लागलं. चहावरचा खोकला, आभाळ बघणारा मासळीवाला, दुसरं पाकीट. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ गावाने मिळून झाकून धरली होती, आणि आत काय आहे ते एकट्या खिमसाननाच माहीत नव्हतं. त्यांना राग आला. रागापेक्षा लाज जास्त वाटली. बायकोसाठी केलेली एकुलती एक गोष्ट, आणि तीही कधी झालीच नव्हती.

पिकहा काठी टेकत आली. लेक सामान आत नेत होती, तोवर ही थेट पागोळीखाली गेली आणि स्टार्टर दाबला. गाडी एका झटक्यात सुरू झाली. पिकहाच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की खिमसानचे जुळवून ठेवलेले शब्द क्षणभर इकडेतिकडे झाले. पण त्यांनी ते गोळा केले.

"तू ब्याण्णव भरत होतीस."

"हो," पिकहा म्हणाली. हातातल्या पिशवीतले पेरू निवडत होती, तशीच निवडत राहिली.

"मी रोज दारातून ओरडत होतो!"

"ऐकू यायचं ना. सगळ्या गल्लीला यायचं."

"मग मला सांगायचं नाही? लोक हसत होते माझ्यावर!"

"हसत होते, पण एकानं तरी सांगितलं का तुम्हाला? मीच सांगून ठेवलं होतं सगळ्यांना. म्हटलं, तेवढाच बिचाऱ्याला आनंद, राहू दे." तिने एक पिकलेला पेरू बाजूला ठेवला. "गाडीला लागतं ब्याण्णव. तसं तिथं लिहिलंय. जास्तीचा आकडा घालून ती काही उडत नाही."

"मी तुझ्यासाठी म्हणत होतो गं."

"म्हणत होतात," पिकहा म्हणाली. आता तिने वर बघितलं. "दारातून. एवढ्या वर्षांत एकदा जरी पंपावर आला असतात ना माझ्याबरोबर, तर मी अठ्ठ्याण्णवच भरलं असतं. गाडीला नको असतं तरी."

खिमसानना फार वाईट वाटलं, आणि या वेळी ते गावाबद्दल नव्हतं.

सकाळी देवळासमोर चहाची किटली निघाली, पण त्यांची खुर्ची रिकामी होती. डॉक्टरांनी पिकहाला अजून गाडी चालवायला मनाई केली होती. खिमसाननी तिचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, ते त्यांना घट्ट झालं. पिकहा कुरकुरत मागे बसली, काठी आडवी धरून, आणि गल्लीभर त्यांना शिकवत राहिली, हळू, वळताना हात दाखवा, अहो कुत्रं! पंपावर तीच ओळखीची रांग. बानने दोघांना बघितलं आणि नळीकडे हात न नेता कमरेवर ठेवला.

"काय भरू?"

खिमसाननी तोंड उघडलं. मग मिटलं, मान मागे वळवली आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "पिकहा, काय भरायचं गं?"

"अठ्ठ्याण्णव," पिकहा म्हणाली. मागचा मासळीवालासुद्धा ऐकेल अशा आवाजात.

"अगं, आत लिहिलंय ना, ब्याण्णव..."

"गप्प बसा," ती म्हणाली. "आज तुम्ही आलाय."