ताईचा अणू आणि आमचं बिननावी पत्रक

आमच्या घरातून दर मे महिन्यात एक पत्रक निघतं. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, खाली कुणाचं नाव नाही. नाव नको हा आग्रह माझा. लोकांनी मुद्दा वाचावा, लिहिणाऱ्याचं घराणं नव्हे, यावरून मी बाबांशी भांडले होते. तेव्हापासून पत्रक मीच लिहीत आले. विहिरींचं पाणी, आंब्यावरची औषधं, सड्यावरच्या, म्हणजे गावामागच्या उघड्या कातळपठारावरच्या, चिरेखाणी.

यंदा ताई रजेवर आली. ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत एकेका अणूला लेझरच्या झोतांनी हवं तसं वळवते. बाबा म्हणाले, "हिलाही लिहू दे. दोन्ही वाचू."

वाचायचं ते आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या बायकांसमोर. ही बाबांची रीत. बायकांनी नुसत्या माना डोलावल्या तर कागद फाडायचा. कुणी उलट प्रश्न केला तरच छापायचा.

आधी मी वाचलं. सड्यावर नवी खाण येतेय, तिच्याविरुद्ध, आवाज चढवून. माना डोलल्या. पेट्यांत पेंढा पसरणारे हात काही थांबले नाहीत.

मग ताई. ती अडखळत होती, मला बरं वाटलं. "अणू खालच्या पायरीवर असतो असं समजा. लेझर नेमका ठरावीक वेळ सोडला की तो वरच्या पायरीवर जातो. निम्मा वेळ सोडला, तर खाली नि वर, दोन्हीकडे एकदम."

हात थांबले. एक काकू म्हणाली, "नि कुणी जास्त वेळ सोडलान तर? आणखी वर जायचा?"

"नाही काकू, परत खाली येतो. होता तिथंच."

"म्हंजे हिच्या भाषणासारखं गो!" तिनं माझ्याकडे बोट केलं. सगळ्या हसल्या. बाबासुद्धा.

घरी येऊन मी तणतणले, "खाण दारात आलीय आणि आपण अणू वाटत फिरायचं?"

"खाणीचं पुन्हा लिही," बाबा म्हणाले. "थोडक्यात."

ताईचं छापलं. शुद्धलेखन मीच तपासलं. एक वाक्य जास्तीचं सापडावं म्हणून तीनतीनदा वाचलं, सापडलं नाही.

वाटायलाही मीच गेले, पार भाट्ये गावापर्यंत. तिथल्या एका निवृत्त गुरुजींनी ओट्यावर बसून माझ्यादेखत सगळं वाचून काढलं. खाली नाव नसलं तरी लिहिणारी मी, हे त्यांना ठाऊक. "वा! या वेळी शेवटपर्यंत वाचलं हो तुझं."

"ताईचं आहे," मी म्हटलं.

"असं होय? मग दर वर्षी तिलाच का नाही सांगत?"

मी उरलेला गठ्ठा काखेत मारला आणि पुढच्या घराची कडी वाजवली. तिथंही कौतुक झालं. तिथं मी ताईचं नाव काढलं नाही. नाव सांगायचं नाही, हा नियम माझाच तर होता.