लाइनीतलं पहिलं घर

आमच्या गल्लीने सुकदेवभाऊंना जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या कुठल्या नगरसेवकालाही घातल्या नसतील. त्यात माझाही वाटा मोठा. देवपुरात पाणी सोडायचं काम त्यांचं. सायकलवर लांब लोखंडी चावी बांधून गल्लोगल्ली व्हॉल्व्ह उघडत जायचं. घड्याळ बघून उघडणार, घड्याळ बघून बंद करणार. राहायचे मात्र आमच्याच गल्लीत भाड्याने, पाइपलाइनच्या अगदी शेवटच्या घरात. तिथवर येईपर्यंत पाण्याचा जीव गेलेला असायचा.

म्हणून त्यांच्या दारात नळासाठी कमरेइतका खड्डा खणलेला. त्यांची बायको कुंदाअक्का पाण्याच्या पाळीला त्यात उतरून बसायची आणि करंगळीएवढ्या धारेखाली तांब्या धरून एकेक हंडा भरायची. तीस वर्षं!

"भाऊ, घरच्यांसाठी तरी पाच मिनिटं जास्त सोडा," मी एकदा चिडून म्हणालो.

"मंग बाकीनासले काय सांगू?" एवढंच बोलून हा गृहस्थ सायकलवर बसला. असा राग आला होता मला!

गेल्या वर्षी भाऊ निवृत्त झाले आणि स्वतःचं घर घ्यायचं ठरलं. नजरेत दोन होती. एक नवाकोरा फ्लॅट, चौथ्या मजल्यावर, लिफ्टवाला. दुसरं जुनं बैठं घर, फरशी उखडलेली, भिंतीला ओल. पण आमच्याच पाइपलाइनीतलं पहिलं. भाऊंचा जीव जुन्यात अडकलाय हे मला ठाऊक होतं. पण ते अक्काला म्हणाले, "पानी तू भरं, घर बी तूच पसंद कर."

फ्लॅटमध्ये अक्काने हॉल पाहिला नाही, गॅलरी पाहिली नाही. थेट स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. पाणी आलं. बंद केला, परत सोडला, परत आलं. लहान मुलीसारखी हसली. हे पाणी बोअरचं, हे भाऊंच्या अगदी जिभेवर आलं असणार, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. मग तिने ओंजळभर पिऊन पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "यामा डाळ शिजाव नई."

जुनं घर बघायला गेलो त्या दिवशी पाण्याची पाळी होती. अक्का ओलीकडे बघून नाक मुरडत होती, तेवढ्यात नळ सुटला. मोटर नाही, खड्डा नाही, तरी धार अशी की हंडा धरेपर्यंत तिचा पदर भिजला. एक घोट प्यायली आणि म्हणाली, "हाईच घर."

राहायला गेल्यावरच्या पहिल्या पाळीला मी मदतीला गेलो होतो. दोन पिंपं बघता बघता भरली. तिसरं रिकामं असतानाच एक हंडा भरून घेऊन अक्काने नळ बंद केला.

"काय वं, आठ दिननी पाळी शे. भरी ले ना!" भाऊ म्हणाले.

अक्का पदराला हात पुसत म्हणाली, "पुरं व्हयनं. शेवटना घरमा कोनी बाई खड्डामा बठेल व्हई."

भाऊ पुढे झाले, तिच्यापुढचा भरलेला हंडा उचलला आणि आत नेऊन ठेवला. पाण्याच्या वेळी ते घरी कधी नसायचेच. तीस वर्षांत त्यांना हंडा उचलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.