भेगेवरची काच

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते आणि मोघम बोलणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. ‘बघू’, ‘तसं ठीक आहे’, ‘फार नाही, थोडंसंच’ असलं ऐकलं की माझं डोकं फिरतं. आता माझा अभ्यासाचा विषयच मोघम शब्द हा आहे, त्याला काय करणार! ‘म्हातारा’, ‘लांब’, ‘धोकादायक’ हे शब्द नक्की कुठे लागू व्हायला लागतात, यावर मी वर्षानुवर्षं तास घेत आलेय.

वर्गात मी चहाचं उदाहरण देते. कपभर चहात पाण्याचा एक थेंब टाकला, तर तो चहाच राहतो. आणखी एक टाकला, तरी चहाच. एका थेंबाने चहाचं पाणी होत नाही, हे सगळ्यांना मान्य. मग थेंबाथेंबाने बादलीभर पाणी ओतलं तरी चहाच म्हणायचा का? “मॅडम, आमच्या कँटीनवाल्याला विचारा ना,” असं दरवर्षी कुणीतरी ओरडतं आणि वर्ग हसतो. मग मी उत्तरं सांगते. काही जण म्हणतात, सीमा असतेच, फक्त ती कुठे आहे हे आपल्याला कधी कळू शकत नाही. काही म्हणतात, मध्ये एक पट्टा असतो, तिथे ‘हा चहा आहे’ हे खरंही नसतं आणि खोटंही नसतं. आणि काही म्हणतात, रेघ आपणच ओढायची आणि मग ती पाळायची. मला हे शेवटचं उत्तर आवडायचं.

आईबाबांची मुलुंडची इमारत जुनी झाली होती. तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खांबाला उभी भेग गेली होती. सोसायटीने इंजिनिअर बोलावला, तेव्हा मी मुद्दाम हजर राहिले.

“धोकादायक आहे का?” मी विचारलं.

“अगदी तशी नाही. पण सेफ पण नाही म्हणता येणार.”

माझा चेहरा बघून असेल, पण त्याने पिशवीतून काचेची एक जाड, हिरवट पट्टी काढली आणि भेगेवर आडवी धरून दोन्ही टोकं सिमेंटने बसवली. “खांब जरा जरी हलला तरी ही तडकणार. तडकली की कुणाला विचारत बसू नका. अख्खी बिल्डिंग खाली करायची.” सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी ते मान्य केलं. मला तो माणूस एकदम आवडून गेला.

आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. पक्षाघाताने डावी बाजू गेली होती, शब्द हळू आणि जड यायचे. तिचा पलंग बाहेरच्या खोलीत होता आणि समोरच्या भिंतीवर घरातले जुने फोटो. भाड्याच्या घराचा विषय निघाला की ती डोळे मिटून घ्यायची. “मला इथनंच न्या,” म्हणायची. “चौघांच्या खांद्यावरनं.” तिचं खाणंपिणं, कूस बदलणं, सगळं बाबाच करायचे.

मी घाटकोपरला राहते. दर रविवारी मुलुंडला जायचे आणि चप्पल काढली की आधी स्वयंपाकघरात शिरायचे. काच अख्खी असायची. भेग मात्र मला वाढल्यासारखी वाटायची.

“गेल्या रविवारी होती तेवढीच आहे गं,” बाबा म्हणायचे.

खरंच तेवढीच दिसायची. हा युक्तिवाद कुठे नेतो हे मला चांगलं ठाऊक होतं. पण काच शाबूत होती, म्हणून मी निवांत चहा प्यायचे.

दिवाळीच्या आधी मी आवराआवर करायला गेले. आईच्या समोरचे फोटो पुसायला घेतले. आईबाबांच्या लग्नाच्या फोटोवर ओलं फडकं फिरवलं, तर ते चिकटलं. ओढून काढलं, तर फडक्याला काळपट रंग लागला होता आणि तरुण बाबांचा अर्धा चेहरा गेला होता. चौकटीत काच नव्हती. शेजारच्या फोटोलाही नव्हती. त्या भिंतीवरच्या एकाही फोटोला काच नव्हती.

“बाबा, काचा कुठे गेल्या?”

ते आईला पेज भरवत होते. चमचा तसाच हातात धरून त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि त्या पट्टीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. ती पातळ होती, पांढरी स्वच्छ. टोकांना पांढरं सिमेंट होतं. ओट्याखालच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले तुकडे होते, सगळ्यात तळाशी जाड, हिरवट.

मी किंचाळले. “खालच्या घरात दोन लहान पोरं झोपतात, बाबा! तुम्हाला काही वाटलं कसं नाही?”

“ही फुटलीये का?” बाबा अगदी शांतपणे म्हणाले. “नाही ना? ही फुटली की जाऊ.”

“मीच सांगितलं त्यांना,” आई पलंगावरून म्हणाली. एकेक चौकट रिकामी होताना ती पडल्या पडल्या बघत होती.

मी तिथूनच सेक्रेटरीला फोन लावला. दिवाळीच्या आत इमारत रिकामी झाली. जिना अरुंद, स्ट्रेचर वळेना, म्हणून आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बांधून चौघांनी उचलून उतरवलं. तिने डोळे घट्ट मिटले होते. नाहूरला तळमजल्यावर घर घेतलं होतं. तिथे ती नीट जेवलीच नाही. “कुणाचं घर हे?” असं विचारायची. संक्रांत तिने पाहिली नाही.

मी बरोबरच केलं. आजही तेच करीन. पण त्याने माझं रडू थांबत नाही.

बाबा मला दोष देत नाहीत. त्यांनी एकदाच विचारलं, “पहिली फुटली तेव्हाच जायला हवं होतं, का दुसरी? तू शिकवतेस ना हे?”

“पहिलीच, बाबा.”

“ती फुटून वर्ष झालं गं. बिल्डिंग उभी आहे.”

खांब पडलाच असता असं मी म्हणू शकत नाही आणि पडला नसता असंही नाही.

इमारत अजून तशीच आहे. पाडायचं काम कशात तरी अडकलंय, वीजपाणी तोडलंय. बाबा अधूनमधून जातात. वॉचमन ओळखीचा, वर सोडतो. मी भांडून थकले.

गेल्या रविवारी मी नाहूरला होते, तेव्हा ते तिथूनच परत आले. चप्पल काढली, पाणी प्यायले. आईच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले.

“अजून अख्खी आहे,” तिला म्हणाले.