सगळ्यांना चालणारी गोळी

माझे भावोजी औषधांचं दुकान चालवतात आणि लोक त्यांना डॉक्टर म्हणतात. मी दातांची डॉक्टर, माझा दवाखाना त्यांच्याच दुकानाच्या वर, आणि मला लोक 'त्यांची मेहुणी' म्हणून ओळखतात. आधीच सांगते, हा माणूस मला आवडत नाही. ताईने त्याच्यात काय पाहिलं ते तिचं तिला माहीत.

माझ्याकडे यायचा जिना दुकानाला लागूनच आहे. गाल धरून कोणी पायरीवर पाय ठेवला की काउंटरमागून हाक आलीच. "वर कशाला चढता? ती दात उपटून हातात देईल. या इकडे, उद्यापर्यंत सूज उतरवतो." मग कात्री निघायची, पट्टीतून चार गोळ्या कापल्या जायच्या, कागदी पाकिटात पडायच्या. आधी कुठल्या औषधाने त्रास झाला होता का, हे विचारण्याची पद्धतच नाही. पोरगं असो नाहीतर म्हातारं, पेनिसिलिनच्या घराण्यातली तीच एक कॅप्सूल. "ही सगळ्यांना चालते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गोळी काही वाईट नाही, दातांसाठी मीही तीच आधी लिहिते. पण विचारून लिहिते, आणि दाताच्या मुळाशी साठलेल्या पुवाला वाट करून देऊन लिहिते. पू आत ठेवून वरून नुसत्या गोळ्या म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. चार दिवस बरं वाटतं, मग तोच गाल दुप्पट सुजून माझ्या खुर्चीत येतो. हे भावोजींना सांगता सांगता माझ्या दातांच्या कण्या झाल्या. ते गिऱ्हाइकांकडे बघून डोळे मिचकावायचे. "मेहुणीबाईंच्या पोटात दुखतंय, त्यावर पण आहे हो आपल्याकडे गोळी!" गिऱ्हाइकं हसायची. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस, पण हसवायचा मात्र छान.

मग ताईचीच खालची दाढ सुजली. मला कोणी कळवलं नाही. नवऱ्याचं औषध चालू होतं ना! एका दुपारी मी सहज तिच्या घरी गेले तर ती पलंगावर टॉवेल तोंडाला लावून बसलेली. लाळसुद्धा गिळता येत नव्हती. तोंड बोटभर उघडेना, हनुवटीखाली हात लावला तर लाकडासारखं कडक. सूज जिभेखाली पसरली होती, तिथून घसा किती लांब?

"काय काय दिलंत हिला?" मी विचारलं.

भावोजींनी एकामागून एक तीन औषधांची नावं घेतली. एकाने उतार पडेना म्हणून दुसरं, दुसऱ्याने नाही म्हणून तिसरं. त्यातलं एक तर लघवीच्या जळजळीवरचं.

"अख्ख्या गावाला दातासाठी वाटता ती गोळी बायकोलाच नाही दिलीत?"

"संपली होती," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता.

औषधांच्या दुकानात संपली होती! पण ताईचा श्वास घरघरत होता, भांडायला वेळ नव्हता. गाडी काढली आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

सर्जनने तिला आत घेतलं आणि दाराशी येऊन आम्हाला विचारलं, "पू लगेच काढावा लागेल, नाहीतर श्वास बंद पडेल. तोवर शिरेतून औषध सुरू करतो. पेनिसिलिनची ॲलर्जी?"

मला काही माहीत नव्हती. मी भावोजींकडे पाहिलं.

"छे! तसलं काही नाही," ते म्हणाले. "मी स्वतः औषधांच्या लाइनमधला माणूस आहे."

आम्ही आत गेलो. नर्सने औषधाचं नाव मोठ्याने वाचलं आणि ताईच्या हाताशी सुई नेली. ताईने हात ओढून घेतला. नर्सने चुचकारून पुन्हा धरला, तिने पुन्हा ओढला. बोलता तर येत नव्हतं. तिने आपल्या गळ्यावर बोट ठेवलं आणि मग तेच बोट नवऱ्याकडे केलं.

"भावोजी, काय ते बोला!" मी अक्षरशः किंचाळले.

ते खाली बघून म्हणाले, "मागे एकदा दिली होती मी. घसा सुजला होता. श्वास लागला होता."

आम्हाला तेव्हा सांगितलं होतं की ताईला बाहेरचं खाणं बाधलं. ताईनेही तेच सांगितलं होतं, कारण तिला तसं सांगायला लावलं होतं.

"मग आत्ता नाही का म्हणालात?"

"दुकानातून सगळ्यांना तीच जाते गं. घरातच असं झालं म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

सर्जनने लगेच दुसऱ्या घराण्यातलं औषध मागवलं. हनुवटीखाली चिरा देऊन पू काढला, दाढ काढली. ताई वाचली.

गावात आता भावोजींनी ऐन वेळी सांगून बायकोचा जीव वाचवला अशी कथा फिरते आहे. मी जिथे ऐकते तिथे खोडून काढते, मग लोक मला तुसडी म्हणतात. म्हणोत.

ताईला आवाज फुटला त्या सकाळी तिच्याजवळ मीच होते. घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "मी हात ओढला नसता, तरी ते बोलले असते ना गं?"

तिला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. मी म्हणाले, "नाही."